टेबलमध्ये भारत नाही

२१ जानेवारी

ब्राँझ! आमच्या संस्कृतीला ब्राँझ!

जेवायच्या सुट्टीत लॉकरमधून फोन काढला तर लेकीचा व्हॉइस मेसेज — "पप्पा, रिलेत ब्राँझ मिळालं! आता सगळ्यांचे फोन मॅनेजर सरांकडे जमा होतायत, नंतर बोलते!" मागे पोरींचा नुसता कल्ला. तीनदा ऐकला. साऱ्या जगातल्या पोरापोरींची हिवाळी स्पर्धा, बर्फावरची शर्यत, आणि संत तुकाराम नगरच्या ग्राउंडवर चाकांचे स्केट्स घालून गुडघे फोडून घेतलेली आमची कार्टी तिथे तिसरी! पुनावळ्यात बर्फ बघायचा तर रसवंतीत. चाकणहून येताना कंपनीच्या बसमध्ये पेढे वाटले. ड्रायव्हरला दोन दिले.

२२ जानेवारी

चुलतभाऊ ज्ञानेशला वॉर्डात उभं राहायचंय. तो असा मोका सोडतो होय! सकाळीच चौकात फ्लेक्स लागला. 'पुनावळ्याची शान, भारताला कांस्य.' संस्कृतीचा फोटो केवढा मोठा! ज्ञानेशचा त्याहून मोठा.

बायको वर्षाली म्हणाली, "पोरीला घरी तर येऊ द्या आधी." मी म्हटलं, तुला कशाचं कौतुकच नाही.

२३ जानेवारी

सगळा विचका झाला.

ज्ञानेशचा फोन — "भाऊ, ग्रुपवर कुणीतरी मेडल टेबल टाकलंय. आपल्या देशाचं नावच नाही त्यात!" बघितलं. वर मोठे मोठे देश, खाली ज्यांची नावंही कधी ऐकली नाहीत असे. त्यांनाही एखाददुसरं मिळालंय. भारत नाही. वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. शेवटी कुठेतरी 'मिक्स्ड टीम्स' अशी एक ओळ होती, ती कुणाची ते कोण बघतो!

"लोक हसायला लागलेत राव. इलेक्शन तोंडावर आलंय. उतरवू का?"

उतरव म्हणालो. आणि भावकीच्या ग्रुपवर मी स्वतः लिहिलं — बातमी चुकीची होती, मुलीचा काहीतरी गैरसमज झाला, माफी असावी. तिलाही मेसेज टाकला — "खरं सांग. टेबलमध्ये भारत नाही. मेडल मिळालंय का नाही?"

आई म्हणाली, "पोरगी म्हणती मिळालं, मंग मिळालं. तुला त्या टेबलाचं येवढं काय पडलंय?" तिच्यावर खेकसलो. तिला काय कळतंय, असं वाटलं.

२४ जानेवारी

मेसेज वाचलाय तिने. उत्तर नाही.

२७ जानेवारी

आणायला एअरपोर्टला गेलो. वाळलीये. वाकून पाया पडली. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर सॅकमधून काहीतरी काढून माझ्या मांडीवर ठेवलं. मेडल. चांगलं जड होतं.

मग शांतपणे, शाळेतल्या बाईंनी सांगावं तसं सांगितलं. "चार देशांच्या चार मुली असतात, पप्पा. चिठ्ठ्या टाकून टीम पाडतात, ओळख व्हावी म्हणून. मी, एक कोरियाची, एक इटलीची, एक कझाकस्तानची. मेडल आमचंच असतं, पण ते कुठल्याच देशाच्या नावावर लागत नाही. मिक्स्डमध्ये धरतात."

मी काय म्हणालो? "मग हे आधी सांगायचं ना!" म्हणजे बघा — तेव्हाही चूक तिचीच!

मोशीच्या पुढे आल्यावर ती म्हणाली, "फोन परत मिळाले तेव्हा आम्ही चौघी बसमध्ये होतो. तुमचा मेसेज उघडला. त्या विचारायला लागल्या, पप्पांनी काय लिहिलंय? मी म्हटलं, अभिनंदन लिहिलंय."

घरापर्यंत मला गाडी कशी चालवली ते आठवत नाही. लाज वाटते स्वतःची. बाप आहे का कोण आहे मी!

२८ जानेवारी

ग्रुपवर सगळा खुलासा टाकला. दोघांनी अंगठा दिला, तोही लांबच्या नात्यातल्यांनी. माफीच्या मेसेजखाली मात्र रांग लागली होती. ज्ञानेशला म्हटलं, फ्लेक्स परत लाव. तर म्हणतो, "आता लोक अजून हसतील भाऊ. आणि टेबलात नाव नाही ते नाहीच ना?" अस्सा राग आला! पण माझंच वाक्य होतं ते.

जेवताना संस्कृतीला म्हटलं, "चुकलं माझं, बाळा." म्हणाली, "जाऊ द्या हो पप्पा. आमटी वाढू?"

भांडली असती, ताट सरकवून उठली असती तर बरं झालं असतं. वर्षाली दोन दिवस माझ्यावर तोंडसुख घेतीये, आईने बोलणंच टाकलंय. ही मात्र आमटी वाढते.

२ फेब्रुवारी

मेडल कपाटात स्वेटरच्या खाली ठेवलंय. वर्षाली शोकेसमध्ये लावायला निघाली तर पोरगी म्हणे, "राहू दे मम्मी. लोक विचारत बसतात."

१४ जून

आज परत डेहराडूनला, बर्फावरच्या सरावाच्या कॅम्पला गेली. बॅग उचलायला गेलो तर स्वतःच उचलली. म्हटलं, रेस झाली की फोन कर गं. "हो पप्पा." आधी सांगावं लागायचं नाही. हरली तरी पहिला फोन मलाच यायचा, रडत रडत का होईना!

९ ऑक्टोबर

फोनवर तब्येत विचारते, शिफ्ट कुठली ते विचारते. बर्फाचं काहीच बोलत नाही. मीही विचारायला घाबरतो.

१२ डिसेंबर

परवापासून तिची पुढची स्पर्धा चालू आहे. चहाच्या सुट्टीत टेबल उघडलं. भारत आहे! एक सुवर्ण. पाचशे मीटर, मुली, संस्कृती. रेस काल दुपारीच झालेली.

पळत बाहेर येऊन वर्षालीला फोन लावला. तिला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. काल संध्याकाळीच पोरीचा फोन आला होता — मी तेव्हा घरातच होतो, आतल्या खोलीत.

"मग मला का नाही सांगितलं?"

वर्षाली म्हणाली, "तीच म्हणाली — पप्पांना नका सांगू, ते टेबल बघतीलच."