भट्टीला गेलेला शालू

विश्रामबाग, सांगली
बुधवार, दुपार

ती. धैर्यदादा यांस,

तुझ्या चुलत बहिणीचा, क्रांतीचा, वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतंच. कंबर धरली आहे, कारण पुढे येईल.) वहिनींची शुगर, तुझा खोकला आणि सेलमच्या दुकानातली भट्टी, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. भट्टीची चौकशी मी उगाच करत नाही, पण ते शेवटी. खरं तर फोनच केला असता. पण तू फोन स्पीकरवर टाकून सोनं गाळत बसतोस, समोर आपल्या विट्याची चार पोरं असतात, आणि सेलमला बोललेलं दिवस मावळायच्या आत विट्यात आईच्या कानावर पडतं. म्हणून कागद. तिकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर जोतिबा संध्याकाळी दारावरून जाईल, त्याच्या हाती देते.

आमच्या पूजाचं लग्न मार्गशीर्षात उंब्रजला आहे, हे तुला माहीतच आहे. ही पोरगी पुण्यात नोकरीला लागल्यापासून पृथ्वीची काळजी करते. काळजी वाईट नाही, पण ती दर शनिवारी घरी येऊन करते. पाडव्याला तिने फर्मान काढलं की वर्षभर घरात नवा कपडा यायचा नाही आणि प्लास्टिकच्या बाटलीतलं क्रीम तर नाहीच नाही. मग बाईमाणसानं नटायचं नाही का, असं मी विचारलं. नटायचं, पण पृथ्वीच्या जिवावर नाही, म्हणाली. मला नटायची हौस किती, हे तुला सांगायला नको (तुझ्या लग्नात मी करवली म्हणून तीनदा साडी बदलली होती आणि नवरदेव माझ्यासाठी खोळंबला होता). तरी मी मनावर घेतलं. लेकीच्या लग्नात आईनं मागासलेलं दिसू नये, एवढाच हेतू.

सुरुवात तोंडापासून केली. तिने पाठवलेल्या व्हिडिओत हळद आणि गूळ एकत्र करून चेहऱ्याला चोळायचा होता. त्या बाई चमचाभर हळद म्हणाल्या. त्यांची हळद कुठली ते देवाला ठाऊक, माझी सांगलीची. चारदा तोंड धुऊन मी बँकेत गेले, तर कॅशिअरने लग्न कुणाचं म्हणून अदबीने चौकशी केली. मुलीचं म्हटल्यावर त्याने पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं आणि नोटा मोजायला घेतल्या. उरलेला गूळ मी मोरीत विसरले, तर मुंग्या आल्या त्या अजून आहेत. मग पर्स. तुझ्या दाजींची फौजेतली जुनी पँट ट्रंकेत पडून होती, तिची मी स्वतः मशीनवर खांद्याला अडकवायची पर्स शिवली. सहा खिसे. बाजारात दोन अनोळखी मुलींनी थांबवून कुठं घेतली म्हणून विचारलं. दाजींनी ती ओळखली आणि दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तीच पर्स खांद्याला लावून कुपवाडला कामावर गेले. डबा बरोब्बर बसतो म्हणे. आता मला पुन्हा पर्स नाही.

इथवर सगळं ठीक होतं. मग पूजा म्हणाली की नवीन चांदी खाणीतून काढताना डोंगर पोखरतात, तेव्हा मी पैंजण घेणार नाही. लग्नात मोकळे पाय? आणि दादा, मी विट्याची लेक आहे. जरीच्या साड्या जाळून चांदी काढायचं काम आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या चाललंय. सासूबाईंचा लग्नातला शालू ट्रंकेत तळाला होता, घड्यांवर विरलेला, दहा वर्षांत कुणी उलगडलेला नाही. मी तो जोतिबाच्या हाती तुझ्याकडे धाडला आणि चिठ्ठी लिहिली की आटवून पूजाला पैंजण कर. डोंगर शाबूत, पाय भरलेले. सासूबाईंना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाल्या असत्या, म्हणूनच विचारलं नाही.

गेल्या शनिवारी पूजा आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की ती लग्नात नवी साडी घेणारच नाही, आजीचा शालू नेसणार. दाजींनी डोळे पुसले. तेव्हापासून चार दिवस आमच्या घरात शालूची शोधाशोध चालू आहे. माळा झाला, ट्रंका झाल्या, पलंग सरकवून झाले. सगळ्यात पुढे मी, कारण चोराच्या मनात चांदणं (कंबर तिथेच गेली). सासूबाई बॅटरी घेऊन माझ्या मागे उभ्या होत्या आणि तिकडं बघ, हितं बघ, करत होत्या. असेल गं कुठंतरी, म्हणून उलट मलाच धीर देत होत्या. दादा, मला तोंड वर करवेना. सव्वीस वर्षांत त्या मला एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, आणि मी त्यांना न विचारता त्यांचा शालू जाळायला पाठवला.

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्र वाचून फाडून टाक (जाळू नकोस, धूर होतो).

तुझी,
क्रांती

ता.क. शालू भट्टीत टाकला नसशील तर हात जोडते, टाकू नकोस. जोतिबा परत निघेल त्याच गाडीने धाड.

ता.क. दुसरा. टाकला असशील तर मला कळवूसुद्धा नकोस. तिकडे तसाच आंबा रंगाचा, हिरव्या काठाचा शालू मिळेल, तो नवा कोरा घे आणि वहिनींना सांगून घड्यांवर जरा विटकरीने घास. पृथ्वीचं मी नंतर बघते.

धैर्यशीलराव, रामराम. मी राहीबाई, क्रांतीची सासू. गोंदाची बाटली प्लॅस्टिकची असती म्हणून ती आत पाकिटाला कणकेची खळ शिजवतीया, तवर लिवते. पत्र वाचलं, राग मानू नका. माज्याच शालूचं हाय. तिनं गठुडं जोतिबाच्या हातात दिलं तवा मी खिडकीतनं बघत हुते. बोलले न्हाई, कारण त्यो माजा लग्नातला शालू न्हवंच. खरा शालू क्रांतीचं लगीन ठरलं तवा तुमच्या वडलांनी, तात्यांनीच आटवून दिला. घरात दुसरी चांदी न्हवती, आन् सुनंच्या पायात आमच्या घरची जोडवी घालायची मला लय हौस. मालकांना कळू नये म्हणून तसलाच दुसरा आणून ट्रंकंत ठिवला, खोट्या जरीचा. प्लॅस्टिकच म्हणा. पूजाला ते चालत न्हाई, पर तिला कोण सांगतंय. भट्टीत घालून राखंशिवाय काय घावायचं न्हाई, तवा तसाच धाडा, पोरीला शोभंल. तात्यांनी मरंपत्तुर तोंड उघडलं न्हाई, तुमीबी उघडू नका. क्रांतीला कळलं तर जोडवी काढून पोरीला दिल ती. मी शालू तिच्यापायी आटवलाय, तिच्याच पायात ऱ्हाऊ द्यात.