रस्त्याकडची खोली दवाखान्याकडेच राहील

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे; डॉक्टरांचा तसा दाखला सोबत आहे.

१. घर चारही मुलांना सारखे. मात्र रस्त्याकडची खोली नर्सबाईंच्या दवाखान्याकडेच राहील. तिला कोणी कुलूप लावू नये. कारण सांगते.

चौथ्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुन्हा दिवस गेले तर माझ्या हातात काही नाही." सासूबाई म्हणाल्या, "बायकांना हे कधी चुकलंय?" माझे यजमान लेथवर काम करायचे, बोलणे कमी. त्याच आठवड्यात ते पालिकेच्या दवाखान्यात जाऊन स्वतःची नसबंदी करून आले. "आता घाबरू नकोस," एवढेच म्हणाले. कारखान्यात टिंगल झाली. धाकटे भावजी तर चारचौघांत त्यांना बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणाले. म्हणून यजमानांचे घड्याळ भावजींना मिळणार नाही. ते थोरल्या जावयांना द्यावे.

पुढे, दिवस न राहण्याच्या गोळ्या मिळतात म्हणून मुली बिघडतात, अशी ओरड झाली आणि पालिकेने तो दवाखाना बंद केला. पालिकेच्या सभेत यजमान उभे राहिले. "गोळ्या बंद कराल हो, वय कसं बंद करणार?" लोक हसले. पुढच्या हिवाळ्यात मुलींचे शाळेचे गणवेश कमरेत सैल करून घ्यायला आया माझ्याकडे येऊ लागल्या, मान खाली घालून. एकीचा गणवेश उसवताना मला रडू फुटले. यजमानांनी रस्त्याकडची खोली रिकामी केली आणि बंद दवाखान्यातल्या, नोकरी गेलेल्या नर्सबाईंना घेऊन आले. दगड पडले, काच फुटली, आम्ही नवी बसवली. आधी बायका आल्या, मग नवी जोडपी, मग आयांचा हात धरून मुली. सैल करायचे गणवेश येईनासे झाले.

२. शिवणयंत्र धाकट्या सुनेला. "आई, मला एकच मूल पुरे," असे तिने मला तोंडावर सांगितले. सासूशी असे बोलता येते, याचा मला फार आनंद झाला.

३. चौथ्या बाळंतपणानंतरचे आयुष्य मला यजमानांनी दिले. त्यात मी मुले वाढवली, पन्नाशीत पोहायला शिकले, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांना माझ्या हाताने भरवले. त्यातले वाटण्याजोगे काही उरलेले नाही. सगळे वापरले.

साक्षीदार: १. नर्सबाई २. शेजारचे बेकरीवाले
स्थळ: माझे स्वयंपाकघर
तारीख: ९ ऑक्टोबर
सही: शिवणवाल्या बाई (सगळे मला याच नावाने ओळखतात)