नकाराचं कारण

सोमवार, ३ मार्च

हिचं नाव किडनीच्या यादीत लागलं. दीड वर्ष कागद फिरत होते, आज शिक्का बसला. आनंद व्हायला हवा होता. झालाही, लिफ्टपर्यंत. मग यादी सांभाळणारी बाई मागून आली आणि म्हणाली, "काका, फोन कधीही येईल. आला की दोन तासांत इथे. एका किडनीसाठी आम्ही दोन पेशंटना बोलावतो. पहिल्या नंबरचा माणूस वेळेत आला आणि तपासण्या ठीक निघाल्या तर त्याला. नाहीतर दुसऱ्याला."

माझ्या डोक्यात फक्त दोन तास शिरले. घर पुलाच्या अलीकडे, हॉस्पिटल पलीकडे. बसने, एक बदलून, पावणेदोन तास — बस आली तर. टॅक्सीने चाळीस मिनिटं — टॅक्सी आली तर! मुळात पूल ओलांडायलाच कुणी तयार नसतं, तिकडून परतीचं भाडं मिळत नाही म्हणून. आज सकाळी जातानाच सहा जणांनी नाही म्हटलं. त्यातल्या एका गॉगलवाल्याने तर काचही खाली केली नाही. आतूनच बोट हलवलं, माशी हाकलावी तसं.

बुधवार, ५ मार्च

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. हिचं डायलिसिस चालत सात मिनिटांवर होतं, त्यामुळे टॅक्सीचा असा विचार कधी करावाच लागला नव्हता. आता दुसरं काही सुचत नाही.

अॅम्ब्युलन्सला फोन केला. "पेशंट बेशुद्ध आहे का?" नाही. "मग टॅक्सीने या." खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्याकडे गाडी आहे, पण ती दिवसभर त्याच्याबरोबर दुकानात. लेकीने मागे फोनमध्ये टॅक्सीचं अॅप घालून दिलंय. त्यात गाडी येतेय येतेय म्हणते, पलीकडचा पत्ता कळला की रद्द. तीनदा करून पाहिलं.

एकतीस वर्षं कारखान्यात टाइमकीपर होतो. कोण किती मिनिटं उशिरा आला आणि का, हे लिहिण्यात जन्म गेला. मग हेही लिहायला काय हरकत आहे? या वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले. वेळ. किती विचारले. किती तयार. नकार कुणाचा. नकाराचं कारण. रोज वेगवेगळ्या वेळी स्टँडवर जाऊन विचारायचं. कुठल्या वेळी किती टॅक्सी नाही म्हणतात हे एकदा कळलं की निदान अंधारात चाचपडणं थांबेल.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी नऊ. सात विचारले, दोन तयार. कारणं — गॅस संपलाय, जेवायचंय, तिकडे खड्डे आहेत, आणि एकाने "मूड नाही". मूड! आमच्या कारखान्यात हे कारण कुणी दिलं असतं तर मी रजिस्टर मिटून घरी गेलो असतो.

जे दोघे तयार झाले त्यांना मी म्हटलं, आज नाही, नुसतं विचारतोय. एकजण काहीतरी पुटपुटला. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हिला सांगितलं. हसली. "लोक देवाला साकडं घालतात, तुम्ही टॅक्सीवाल्यांना घाला." मग म्हणाली, "अहो, आपण फोनची वाट बघतोय म्हणजे कुणीतरी जाण्याचीच वाट बघतोय, नाही का?" मी म्हटलं, तू भाजी निवड.

रविवार, ९ मार्च

दुपारी साडेतीन ते पाच. अकरा विचारले. तयार शून्य.

सोमवार, १० मार्च

कालचं कारण आज कळलं. त्या वेळात ड्रायव्हर बदलतात. पहिल्याला गाडी दुसऱ्याच्या हवाली करायची असते, त्यामुळे लांबचं भाडं कुणीच घेत नाही. म्हणजे फोन त्या दीड तासात आला तर आम्ही मेलोच.

हिचे पाय संध्याकाळी परत सुजले. बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहतो. ती म्हणते, बघू नका सारखं.

गुरुवार, १३ मार्च

आज तक्रार केली. गॉगलवाल्याची. सलग चौथ्या दिवशी बोट हलवलं त्याने. नंबर लिहून घेतला आणि तडक वाहतूक ऑफिसात गेलो. कारकुनाने विचारलं, "तुम्हाला खरंच जायचं होतं का?" मी म्हटलं हो. "बरोबर कोण होतं?" मी म्हटलं, आजारी बायको.

ही तर घरी झोपली होती. खोटं माझ्या तोंडून इतकं सरळ आलं की मलाच नवल वाटलं. पण त्याने नकार दिला हे तर खरं आहे ना? ते खरं आहे.

शनिवार, २२ मार्च

स्टँडवर माझं नाव 'चौकशी' पडलंय. मी दिसलो की आधीच ओरडतात, "आली चौकशी!" आज सकाळी आठला नऊ विचारले, नऊ नाही. ही वेळ पूर्वी चांगली होती! म्हणजे आता ते पुलाला नाही म्हणत नाहीयेत, मला नाही म्हणतायत.

गॉगलवाला गाडीला टेकून उभा होता. गॉगल हातात. म्हणाला, "काका, तुमच्यामुळे दोन दिवस ऑफिसात उभा होतो. काकू बरोबर होत्या म्हणे त्या दिवशी. मला तर दिसल्या नाहीत." मी वही मिटली आणि निघालो. घरी येईपर्यंत कान गरम होते.

काय करून बसलो मी! लांडगा आला रे आला. उद्यापासून स्टँडवर जाणं बंद.

मंगळवार, ८ एप्रिल (हॉस्पिटल, संध्याकाळ)

लिहिल्याशिवाय बसवत नाही.

फोन चार वाजता आला. नेमका चार! "काका, तुम्ही दुसऱ्या नंबरवर आहात, पण या. सहाच्या आत." पिशवी महिनाभर भरलेलीच होती. मी हिला म्हटलं, तू थांब, मी टॅक्सी घेऊन येतो. ती चपला घालत म्हणाली, "तुम्हाला कोण देणार आहे टॅक्सी? मी येते."

स्टँडवर पाच गाड्या. पहिला हसला. दुसरा म्हणाला, "आज कितवी चौकशी?" मी हात जोडले, खरोखर जोडले, म्हटलं आज खरं आहे हो. तिसऱ्याने काच वर केली. तेवढ्यात मागे दार वाजलं. बघतो तर ही गॉगलवाल्याच्या गाडीत जाऊन बसलेली, पिशवी मांडीवर. त्याला म्हणाली, "मी बसलेय. आता उतरवायचं तर तुम्हीच उतरवा." त्याने तिच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता बोट हलणार. "बसा काका," म्हणाला. फोन करून पुढच्या ड्रायव्हरला सांगितलं, आज उशीर होईल.

पुलाच्या तोंडाशी गाड्या मुंगीच्या पावलाने चाललेल्या. साडेचार झाले होते. कडेला एक माणूस येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होता, शेजारी कठड्यावर एक बाई बसलेली, हिरवी पिशवी पोटाशी धरून. गॉगलवाल्याने वेग आणखी कमी केला. "काका, यांनाही पलीकडेच जायचं दिसतंय. घ्यायचं का? पुढची सीट आहे, मागे काकूंजवळ एक माणूस मावेल." मी म्हटलं, नाही, नाही, वेळ नाही, चला. तो माणूस काचेशी आला. मी आतूनच बोट हलवलं.

हिचे डोळे मिटलेले होते. "काय झालं हो?" काही नाही, म्हटलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी पोचलो. गॉगलवाला थांबला नाही, आभार मानायच्या आत निघून गेला. तेव्हापासून बाकावर. पहिल्या नंबरची पेशंट अजून आलेली नाही म्हणतात. मनात आलं ते लिहितो, इथे नाही तर कुठे लिहिणार — येऊ नये तिने. हिला हे बोललो नाही. ती मात्र म्हणाली, "तिच्याही घरचं कुणीतरी असंच धावत असेल."

सहा वाजले.

सव्वासहा. हिला आत घेतलं.

बुधवार, ९ एप्रिल

झालं. किडनी टेबलावरच काम करायला लागली म्हणे. मी जिन्यात बसून रडलो. लेकीला फोन केला तर ती पलीकडून रडायला लागली.

शुक्रवार, ११ एप्रिल

ही उठून बसली. पहिलं वाक्य — "त्या गॉगलवाल्याची तक्रार मागे घ्या." घेतो म्हटलं. पायांवर बोट दाबून पाहिलं. खळगा पडत नाही.

रविवार, १३ एप्रिल

वॉर्डातल्या आयाबाई बोलक्या आहेत. चादर बदलता बदलता म्हणाल्या, "नशीबवान तुम्ही. पहिल्या नंबरची बाई सात वाजता पोचली. तुमच्याच बाजूची. तास दीड तास पुलाच्या तोंडाशी बसून होती, भाऊ गाड्यांना हात करत होता. एक थांबली नाही."

मी विचारलं, आता कशी आहे?

"यादीतच आहे. हिरवी पिशवी घेऊन परत गेली बिचारी."

ही जागी होती. म्हणाली, "पुलाशी? त्या दिवशी आपल्याला कुणी दिसलं का हो?" मी म्हटलं, नाही.

वहीचं मागचं पान काढलं. मंगळवार, दुपारी साडेचार. तयार — ड्रायव्हर. नकार — माझा. कारण — वेळ नाही. पोचलो तेव्हा सहाला पन्नास मिनिटं बाकी होती.