उलटं पाखरू

तारीख चौदा, मंगळवार, दुपार

चि. गुंडीस बाबांचे आशीर्वाद, आणि चिमणीच्या दोन्ही गालांना एकेक पापा.

मी बरा आहे. म्हणजे गुडघा कुरकुरतो, आणि गॅस बंद केला की नाही ते बघायला अजूनही अर्ध्या जिन्यातून माघारी येतो, पण ते तुला नवीन नाही. अक्षर वेडंवाकडं दिसेल, ते चालवून घे. अर्धवट शाळा सोडलेल्या माणसाचं अक्षर यथातथाच. हे पत्र तुझ्या हातात कसं पडलं ते पुढे सांगतो. आधी घाबरू नकोस. मीही घाबरलेलो नाही.

हे खरं नाही. पण पत्राची सुरुवात अशीच करतात.

आधी आमच्या गोधडी मंडळाची बातमी. लाँड्रीच्या वरची ती खोली अजून आमच्याकडेच आहे. खालून वाफ येते, त्यामुळे दुपारपर्यंत आम्ही सगळे उकडल्यासारखे लाल दिसतो. कात्रीबाई तशाच, गळ्यात दोरीला अडकवलेली कात्री आणि तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवूनही बाई स्पष्ट रागावू शकतात. माझा जुना दोस्त कंडक्टरही येतो. त्याला शिवता येत नाही, तो सुईत दोरे ओवून देतो आणि बाकीचा वेळ बडबड करतो. यंदाच्या प्रदर्शनासाठी एक मोठी गोधडी शिवायला घेतली आहे. प्रदर्शन झालं की नेहमीसारखी दान.

तुझी आई गेल्यावर तूच मला तिथे ढकललंस. म्हणालीस, "बाबा, बसच्या सीटा शिवण्यात जन्म गेला तुमचा, आता नुसती काळजी शिवत बसू नका." पहिल्या दिवशी मी बाईंना म्हटलं होतं, ही कसली मॉडर्न गोधडी, अर्धी तर रिकामीच! एवढं मोठं करडं कापड आणि एका कोपऱ्यात चार रंगीत तुकडे. बाई म्हणाल्या, "सीटवाले, कोपरान् कोपरा भरायची सवय सोडा. मोकळं सोडायला छाती लागते." माझ्याकडे ती नाही, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

तुला ती पाखरांची गोधडी आठवते का? मी फोनवर सांगितलं होतं. करड्या कापडावर छोटे छोटे निळे त्रिकोण, सगळ्यांची टोकं उजवीकडे, थवा निघाल्यासारखे. मंडळात त्या त्रिकोणांना पाखरं म्हणतात. ती माझी पहिली मोठी गोधडी. अस्तर लावून, धावदोरा घालून, सगळं संपल्यावर कळलं की एक पाखरू मी उलटं लावलंय. सगळा थवा उजवीकडे आणि हे एकटं डावीकडे तोंड करून. मी उसवायला बसलो, तर बाईंनी माझ्या हातातून सुई काढून घेतली. मंडळाचा नियम आहे, दुसऱ्याला पांघरायला द्यायची गोधडी उसवायची नाही. कंडक्टर म्हणाला, "राहू दे रे. ते किल्ली घरी विसरलं असेल, आणायला निघालंय." त्या दिवसापासून मंडळात काही विसरलं की "पाखरू झालं" म्हणतात. आणि बहुतेक वेळा ते मलाच म्हणतात.

ती गोधडी प्रदर्शनात लागली. परीक्षकबाईंनी विचारलं, हे एक मुद्दाम उलटं केलंय का? कंडक्टर म्हणाला, "मुद्दामच. विचार करून." मग ती दान गेली. कुठे गेली तेही मी तुला सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. घर सोडावं लागलेल्या बायका आणि त्यांची मुलं जिथे राहतात, त्या निवाऱ्याला आमच्या गोधड्या जातात. येणाऱ्या प्रत्येक बाईला एक, कायमची. जागा गुप्त असते. गाडी येते, गठ्ठा नेते, आम्ही विचारत नाही. पण एकदा गाडीवाल्याची कंबर धरली होती म्हणून गठ्ठा उचलायला मी सोबत गेलो होतो. त्यामुळे मला ते फाटक माहीत होतं.

इथपर्यंत लिहून मी उठलो, पाणी प्यायलो, गॅस बघितला. आता लिहितो.

शुक्रवारी तू चिमणीचा फोटो पाठवलास. दात पडलेला, आ वासून हसतेय, केस झोपेतून उठल्यासारखे. मी चष्मा पुसून फोटो मोठा केला, पडलेला दात बघायला. आणि तिच्या खांद्याखाली मला माझं उलटं पाखरू दिसलं.

गुंडे, मला आनंद झाला. आधी तेच सांगतो, कारण पुढचं सगळं त्या आनंदाने केलं. माझी गोधडी, माझ्या नातीच्या अंगावर! मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवत होतो. कुणाकडून मिळाली असेल, प्रदर्शनातून कुणी आणली असेल, असं काहीतरी डोक्यात येऊन गेलं. पण डोकं चाललंच नाही. आनंदात ते बसून राहिलं.

आणि तेवढ्यात जावईबापूंचा फोन आला.

तुला माहीत आहे ते किती गोड बोलतात. आले की माझ्या चपला सुद्धा सरळ करून ठेवायचे. म्हणाले, "बाबा, बऱ्याच दिवसांत आवाज नाही ऐकला. काय म्हणतंय तुमचं मंडळ?" त्यांनी मंडळाबद्दल याआधी कधीच विचारलं नव्हतं. मला वाटलं, माणूस मनाने किती मोठा. मी म्हटलं, "अहो, मंडळ काय म्हणतंय काय! माझी पाखरांची गोधडी तर तुमच्याच घरी पोचली! आत्ताच चिमणीचा फोटो आलाय."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

मग म्हणाले, "हो, हो. सुंदर आहे. तीच ती, बाबा, तुम्ही कुठे दिली होती म्हणालात?"

आणि मी सांगितलं.

मी सांगत गेलो, गुंडे. निवारा, बायका, मुलं, कायमची गोधडी, सगळं अभिमानाने. "जुन्या दूध डेअरीच्या मागे, हिरवं फाटक," हे शब्द माझ्याच तोंडातून निघताना मी ऐकले, आणि ऐकता ऐकता माझ्या पायाखालची फरशी गेली. गोधडी तिथल्या बाईला मिळते. गोधडी माझ्या नातीच्या अंगावर आहे. मग माझी मुलगी कुठे आहे?

"थँक्यू, बाबा," ते म्हणाले. इतक्या मऊ आवाजात कुणी मला आजवर थँक्यू म्हटलेलं नाही. तो आवाज अजून कानात आहे. "तो फोटो मलाही पाठवा," म्हणाले. मला फोटो पुढे पाठवता येत नाही. तू दोनदा शिकवलंस, तरी नाही. तेवढं एक देवाने वाचवलं.

बघ, मी अजून "ते" आणि "जावईबापू" लिहितोय. हाताला वळण पडलंय. यापुढे नाही लिहिणार.

तुला फोन लावला, तर लागला नाही. तसाच लाँड्रीकडे धावलो. धावलो म्हणजे गुडघ्याने जेवढं धावू दिलं तेवढं. एका पायात चप्पल, एका पायात सपात, हे मला कंडक्टरने सांगितलं तेव्हा कळलं. कात्रीबाईंसमोर जाऊन उभा राहिलो. नुसतं "पाखरू, पाखरू" म्हणत होतो. कंडक्टर हसत म्हणाला, "आता काय विसरलास?" मग माझं तोंड बघून तो हसायचा थांबला. हातातली सुई खाली ठेवून त्याने मला पाणी आणून दिलं.

बाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या आणि सगळं ऐकून घेतलं. मला एकही प्रश्न विचारला नाही. तुझं नावसुद्धा नाही. फोन उचलला आणि म्हणाल्या, "करडी गोधडी, निळी पाखरं, एक उलटं. ती ज्या खोलीत आहे ती खोली आत्ताच्या आत्ता रिकामी करा. पत्ता फुटलाय. पोलिसांनाही कळवा."

मी म्हटलं, "बाई, ती माझी मुलगी आहे का हो तिथे?"

त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही."

संध्याकाळ होण्याआधी त्यांना फोन आला. त्यांनी ऐकला, ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गोधडी हलवली." मी तिथेच कापडांच्या ढिगावर बसलो आणि सगळ्यांसमोर रडलो.

तुला कुणी सांगितलं नसेल, तुला चिमणीला उचलून, हातातलं टाकून तसंच का निघावं लागलं. नव्या शाळेतून, नव्या पलंगावरून पोरीला परत का उठवावं लागलं. ते माझ्यामुळे. तू एवढ्या कष्टाने लपलीस आणि तुझ्या बापाने कौतुकाच्या भरात तुझा पत्ता सांगितला. हे सांगायला मला दोन पानं लागली.

शनिवारी तो मंडळात आला. बिस्किटांचा मोठा डबा घेऊन, केस नीट विंचरून. हिरव्या फाटकातून हात हलवत परत आला असणार. सगळ्यांना नमस्कार केला, गोधडीचं कौतुक केलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, ती जागा तुम्ही नक्की पाहिलीत? की आणखी कुठे असतात त्या गोधड्या?" हात माझ्या खांद्यावर होता. हलका होता, पण बोटं हाडापर्यंत लागत होती. गुंडे, तेव्हा मला समजलं. तुझ्या दंडाला काय समजलं असेल ते माझ्या खांद्याला समजलं.

मला खोटं बोलता येत नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. म्हणून मी खोटं बोललोच नाही. मी काळजी करायला लागलो. म्हटलं, जागा? कुठली जागा? डेअरी म्हणालो का मी? डेअरी की डेपो? अहो, माझं हल्ली असंच होतं, डॉक्टर म्हणाले रक्त डोक्यात चढत नाही. त्या गोळ्या बदलल्यापासून तर बघूच नका, परवा मी गॅस चालू ठेवून झोपलो, की बंद होता, तेही आठवत नाही, आणि त्या गोधडीचंच बघा ना, मी पाखरू उलटं लावलं, कंडक्टरला विचारा! कंडक्टर लांबून ओरडला, "अहो साहेब, याला स्वतःचं घर सापडत नाही! बसमध्ये तीनदा चुकीच्या स्टॉपवर उतरवलाय मी!" मी गुडघ्यावर आलो, गुडघ्यावरून दाढेवर, दाढेवरून नळाच्या गळतीवर. थांबलोच नाही. तो आधी हसला, मग घड्याळ बघायला लागला, मग त्याचा जबडा घट्ट झाला. शेवटी म्हणाला, "तुम्ही घाबरट म्हातारे आहात, बाबा." आणि गेला. डबा तिथेच राहिला. कुणी उघडला नाही. कात्रीबाईंनी तो तसाच कचऱ्यात टाकला.

जन्मभर ज्या सवयीला तुझी आई हसली, ती एकदा उपयोगी पडली.

आता जे रात्रंदिवस मनात आहे ते. तू मला का नाही सांगितलंस, हे मी तुला विचारत नाही. मला ते कळलंय. दर रविवारी फोनवर मी विचारायचो, "सगळं ठीक आहे ना?" त्यातला तो "ना", गुंडे. त्या "ना"ने मी उत्तर आधीच तुझ्या तोंडात घालून ठेवायचो. ठीक नाही म्हणायला मी तुला जागाच ठेवली नाही. कोपरान् कोपरा भरून टाकायचो. आणि तू पण मला सांभाळून घेत, "हो बाबा, ठीक आहे," म्हणायचीस. कोण जाणे कुठल्या खोलीतून, कुठल्या अवस्थेत.

आणखी एक. बापाने मुलीला लिहू नये असं वाक्य लिहितोय. घरी येऊ नकोस. काल पण समोरच्या फुटपाथवर त्याची गाडी उभी होती. तुझी खोली मी रोज झाडतो, चिमणीची उशी उन्हात घालतो, पण येऊ नकोस. फोन करू नकोस. मला आठवण येते म्हणून तर मुळीच येऊ नकोस. निवाऱ्याच्या बाई सांगतील तेव्हाच आणि तशीच हल. मला कुठे आहेस ते कळवू नकोस. माझ्या तोंडाचा भरवसा नाही, तुला ठाऊक आहे.

एवढंच कर. हे पत्र कात्रीबाई उलट्या पाखराच्या गोधडीवालीसाठी म्हणून निवाऱ्याला जाणाऱ्या गोधड्यांच्या पिशवीत घालणार आहेत; ती पिशवी रिकामी परत येते, तिच्यात दोन ओळी टाक. चांगलं लिहिलंच पाहिजे असं नाही. तो मारत असेल तर "मारायचा" असं लिही. रात्री झोप लागत नाही असं लिही. माझ्यावर रागावलीस तर तेही लिही, माझ्यासाठी शब्द बेतून लिहू नकोस. मी वाचेन. घाबरेन, पण वाचेन. घाबरण्याने कुणी मरत नाही, हे या आठवड्यात मी पाहिलं.

ते उलटं पाखरू चिमणीला दाखव. तिला सांग, आजोबांकडून चुकलं होतं. उसवू देऊ नकोस.

गुंडे, कशी आहेस?

तुझा,
या वेळी "ना" न लावता विचारणारा,
बाबा