विहिरीचा दोर

पेण, १६ सप्टेंबर २०२५

ती. कोकिळा मावशीस,
रुचिताचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे सुखरूप आहेत. फोनच केला असता, पण कानयंत्र लावूनही तुला फोनवर अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं भरतेस. मोबाइलवर लिहावं, तर माझा फोन उघडायचा कसा हे तुझ्या लेकीला पाठ आहे. एका खोलीत दोघी मावसबहिणींनी राहायचं म्हणजे काही लपत नाही, आणि हे मृणालनं वाचलेलं मला नको आहे.

बातमी अशी, की आमच्या नाटकाचा रंगमंच व्यवस्थापक विनेश मालिकेच्या कामासाठी मुंबईला गेला आणि हर्षदशेठनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. नाटक शेठचं, सामान वाहणारे ट्रकही शेठचेच, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. मी कपडेपट सांभाळत होते तेच बरं होतं. साडीची पिन सुटली तर फार तर लोक हसतात.

मावशी, मला भीती वाटते ती शेवटच्या प्रवेशाची. मृणालनं तुला एवढंच सांगितलंय की ती सुनेची भूमिका करते. ती सून शेवटी विहिरीत जीव देते. दोन पुरुष उंचीचा विहिरीचा काठ आम्ही उभा केला आहे, आणि मृणाल त्यावरून पाठीमागे खरोखर उडी टाकते. नऊवारीच्या आत कमरेला पट्टा असतो, पट्ट्याला दोर, तो दोर वरच्या कप्पीवरून पलीकडे एका लाकडी खुंट्याला वेढे घेऊन धर्माजीकाकांच्या हातात. आमचे पडदे आणि दोर तेच सांभाळतात. ते हळूहळू दोर सोडतात आणि ती अलगद खाली येते. लोकांचा श्वास अडकतो. माझाही अडकतो, फक्त माझा नाटक पाहून नाही. हे तुला सांगायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली होती. ती आज मोडली.

तू मुंबईच्या नाट्यगृहांत आयुष्यभर हेच काम केलंस. आईला हे लिहिलं तर ती नोकरी सोड म्हणेल, म्हणून तुला लिहिते. मी काय काय बघू, कुठून सुरुवात करू, ते सांग. रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझी,
रुचिता

*

दिवेआगर, २२ सप्टेंबर २०२५

चि. रुचितास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

आज घट बसले. त्या गडबडीत पोस्टमन तुझं पत्र देऊन गेला आणि माझ्या हातातली परडी खाली ठेवायची राहून गेली. शपथ मोडलीस हे बरं केलंस. आई म्हणून मला काय वाटलं ते लिहीत बसले तर कागद पुरायचा नाही, म्हणून कामाचं तेवढं लिहिते.

प्रयोगाच्या जागी सगळ्यांच्या आधी पोच. पहिल्यांदा विजेचा मुख्य खटका कुठे आहे ते बघ, मग चहाचं. सगळ्या रंगमंचावर अनवाणी चालून ये. वर आलेला खिळा नटाच्या आधी तुझ्या पायाला लागू दे. बॅटरी गळ्यात हवी, पर्समध्ये नको. प्रत्येक वस्तू जागेवर आहे ना असं कुणाला विचारू नकोस, कारण सगळे हो म्हणतात आणि खरं मनापासूनच म्हणतात. स्वतः जाऊन हात लाव. विंगेत हळू बोल. व्यवस्थापक ओरडायला लागला की नटांना कळतं की काहीतरी बिघडलंय, आणि त्यांचे संवाद हलतात.

नट कितीही जवळचा असो, प्रयोगाच्या दिवशी तो तुझा कुणी लागत नाही. मृणाल सकाळी तुझ्याशी भांडली असली किंवा गळ्यात पडली असली, तरी तिची वेळ झाली की बाकीच्यांना सांगतेस तशीच तिला सांग. आमच्यात एक मोठे नट होते, त्यांना मी घरी भाऊ म्हणायचे आणि विंगेत अहो-जाहो करायचे. त्यांना त्याचं फार हसू यायचं.

आता उडीचं. प्रत्येक प्रयोगाआधी, रंगभूषा सुरू होण्यापूर्वी, मृणालच्या वजनाची तांदळाची गोणी त्या पट्ट्याला बांध आणि काठावरून ढकल. ती नीट उतरली तर मृणाल. वजन तिला विचारू नकोस, ती कमी सांगते. वाण्याच्या काट्यावर उभी कर.

आणि तिसरी घंटा. पहिल्या दोन घंटा लोकांसाठी असतात, तिसरी तुझी असते. तुझं मन भरल्याशिवाय ती द्यायची नाही, मग समोर शेठ बसलेला असो की पुढारी. एकदा ती दिलीस की जे होईल ते होईल आणि तुला फक्त बघत राहावं लागेल. म्हणून भीती वाटायची ती आधी वाटून घे.

सुपाऱ्या वाळत घातल्यात, ढग आले की पळापळ होते. वादळानंतर लावलेली झाडं आता कुठे डोक्याएवढी झालीत. जेवत जा.

तुझी माया करणारी,
कोकिळा मावशी

*

पेण, ४ ऑक्टोबर २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी उशीखाली ठेवते, म्हणजे आधी मृणालपासून लपवायला ठेवत होते, आता धीर यावा म्हणून ठेवते. गोणीचा नेम सुरू केला. नाटकमंडळी मला गोणीवाली म्हणायला लागली, मी हसून घेतलं.

पण खंडेनवमीला घोटाळा झाला. आमच्याकडे त्या दिवशी हातोडी, करवत, दिवे, सगळ्यांची पूजा असते, तुला माहीतच आहे. पूजा आवडाबाईंनी मांडली. आवडाबाई म्हणजे धर्माजीकाकांची बायको, आमच्या सगळ्यांच्या जेवणाचं तीच बघते. काका पूर्वी रेवसला मचव्यावर होते, आणि त्यांच्या घरी पूजेला होडीच्या कप्प्यांना, खुंट्यांना खोबरेल माखायची रीत. तिनं त्याच मायेनं आमचा दोर आणि खुंटा हळद-तेलानं माखला, नवरदेवाला माखतात तसा. वर झेंडूची माळ घातली. मी तिथेच उभी होते आणि नमस्कार केला. तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही.

काल गोणी सोडली. काकांनी धरलेला दोर खुंट्यावरून सर्रकन सुटला, गोणी खाली आदळून फुटली आणि तांदूळ पार प्रेक्षकांच्या बाजूपर्यंत गेले. दुसरी गोणी भरून सोडली, ती नीट उतरली. तिसऱ्या वेळी हातभर घसरली आणि थांबली.

दोर आणि खुंटा दोन्ही बदला म्हणून मी सांगितलं. काका म्हणाले की गोणीला अक्कल न्हाय, माणूस अंग सावरतो, आणि माझ्या हातावर भरवसा न्हाय का तुझा. आवडाबाई पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेली. शेठ म्हणाले की पुजलेला दोर सणासुदीत टाकणं बरं न्हाय, दिवाळी झाली की बघू, आणि मी हाय ना. मृणाल तर माझ्यावर उखडलीच. म्हणते की काका तिला लेकीसारखी झेलतात, त्यांचा असा पाणउतारा करायचा नाही, आणि ही उडी आहे म्हणूनच आपल्याला प्रयोग मिळतात. दोर साबणानं धुवून पाहिला, पण खुंट्याचं लाकूड तेल प्यायलंय, ते कसं धुणार.

उद्याचा सोडून पुढच्या रविवारी, १२ तारखेला, पालीजवळच्या एका गावात उघड्यावर प्रयोग आहे. मीच उगाच बाऊ करते आहे का, तेही कळेनासं झालंय. नवी आहे, बाई आहे, घाबरट आहे, असं सगळे म्हणतात आणि त्यातलं काहीच खोटं नाही. काय करू ते लवकर कळव.

तुझी,
रुचिता

*

दिवेआगर, ७ ऑक्टोबर २०२५

चि. रुचितास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, पेणच्या एसटीच्या वाहकाकडे देते. तुझा नंबर त्याला दिलाय, तो तुला स्टँडवर बोलावून घेईल.

आधी एक लिहिलं होतं, ते चुलीत टाकलं. ते आईचं होतं. मृणालला आजच्या आज घरी पाठव, एवढंच त्यात होतं. पण ती माझी मुलगी आहे म्हणून तू प्रयोग अडवलास, तर उद्या दुसऱ्या कुणाची मुलगी त्या काठावर चढेल आणि तू घंटा देशील. तेव्हा माझ्या मुलीचं नाव काढू नकोस. दोर घसरला, एवढंच बोल.

तू बाऊ करत नाहीस. तीनदा सोडलेली गोणी एकदा पडते, तो दोर माणसासाठी नाही. धर्माजींचे हात चांगलेच असतील. तेलापुढे हात काय करणार. त्यांच्याशी हाताबद्दल बोलूच नकोस, आणि त्यांच्या बायकोबद्दल तर मुळीच नको. तिला आधी जवळ घे, मग बाकीचं.

अडवायचं ते ऐनवेळी नाही. लोक येऊन बसले, चेहऱ्याला रंग लागला, की कुणालाच मागे फिरता येत नाही, तुलाही येणार नाही. भर दुपारी सगळ्यांसमोर सांग. आणि नुसतं नाही म्हणू नकोस, पर्याय हातात घेऊन जा. मृणालनं काठावर चढायचं, पाठ फिरवायची, तेवढ्यात अंधार, ती मागच्या शिडीनं उतरेल आणि वरून गोणी टाकायची. अंधारात आलेला आवाज लोकांना पुरतो. दोर जागेवर ठेवूच नकोस, काढून ट्रकमध्ये टाक. तो समोर दिसला तर मृणाल ऐकायची नाही. मी तिला ओळखते.

ऐकलं नाही, तर तिसरी घंटा देऊ नकोस. नोकरी जाईल, बहुतेक जाईलच. मी तुला खोटा धीर देत नाही.

रविवारी मी काय करीन ते मला ठाऊक नाही. वाडीत काहीतरी करत बसेन. प्रयोग संपला की फोन करू नकोस, मला नीट ऐकू आलं नाही तर मी मरून जाईन. मोबाइलवर चार अक्षरं लिही.

तुझ्याकडे डोळे लावून बसलेली,
मावशी

*

पेण, १४ ऑक्टोबर २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

‘मृणाल ठीक आहे’ एवढं त्या दिवशी लिहिलं, बाकीचं आज लिहिते.

तू सांगितलंस तसं दुपारी सगळ्यांना मांडवात बसवून बोलले. आवाज इतका कापत होता, की हळू बोलायची आठवण वेगळी ठेवावी लागली नाही. दोर मी आधीच काढून घेतला होता. शेठ लालबुंद झाले. म्हणाले की जाहिरातीच्या फलकावर उडी छापलीय, गावाला काय तोंड दाखवू. धर्माजीकाका उठून ट्रकपाशी जाऊन बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मृणालनं सगळ्यांसमोर मला विचारलं, की तू मला संपवायलाच या कामावर आलीस का.

मी घंटा हातात घेऊन बसले आणि म्हटलं की उडी असेल तर ही वाजणार नाही. शेवटी लोक यायला लागले, तेव्हा शेठ म्हणाले की कर तुझ्या मनासारखं.

प्रयोग झाला. मृणाल काठावर चढली, अंधार झाला, गोणी पडली. टाळ्या आल्या, पण नेहमीच्या नाहीत. मागून कुणीतरी म्हणालं की अरे, उडी कुठाय. मी विंगेत अंधारात शिडीच्या पायथ्याशी उभी होते. मृणाल उतरली, तिचा हात माझ्या खांद्याला लागला, तो तिनं लगेच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी शेठनी सांगितलं की विनेशचं मालिकेचं काम संपलंय, तो परत येतोय. मी कपडेपटातही नको. मृणाल खोलीत असते पण बोलत नाही. मावशी, काहीच झालं नाही, त्यामुळे मी खरी होते की खोटी हे आता कुणालाच कळणार नाही. त्या दोरानं एखादे वेळी तिला नीट खाली आणलंही असतं. हे डोक्यातून जात नाही. आणि नवी भीती ही, की विनेश आल्यावर तोच दोर पुन्हा वर चढेल आणि मी तिथे नसेन.

दिवाळीला ती तुझ्याकडे येते आहे. माझं नाव तिच्यापुढे काढू नकोस, उगाच सण बिघडेल.

तुझीच, अजून घाबरलेली,
रुचिता

*

दिवेआगर, २३ ऑक्टोबर २०२५
भाऊबीज

चि. रुचितास,
अनेक उत्तम आशीर्वाद. सणाला तू नव्हतीस, पण करंज्या मृणालबरोबर पाठवते आहे. ती त्या पोचवेल की वाटेत खाईल ते तिच्या रागावर आहे.

तुझं नाव मी काढलं नाही. काढायची गरजच पडली नाही. आल्यापासून दुसरा विषय नाही. भाजणी मळताना तू, अंगण सारवताना तू, रांगोळी विस्कटली तरी तूच. तू तिचा टाळ्यांचा प्रवेश मारलास, काकांचं मन मोडलंस, असं ओट्यावर बसून तावातावानं सांगते. ही उडी मला ठाऊक नसायला हवी, हे ती रागात विसरलीच. माझं कानयंत्र शिट्टी मारतं, अर्धं ऐकू येत नाही, आणि ती चिडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मी तिला परत परत सांगायला लावते. खरं सांगू, दुसऱ्यांदा ऐकू येतं तरी मी काय म्हणालीस म्हणून विचारते. तुला शिव्या घालणारी माझी मुलगी माझ्या ओट्यावर बसली आहे, रुचिता, याहून जास्त मला काही नको.

तू खरी की खोटी हे कळणार नाही, हे तू बरोबर लिहिलंस. आमच्या कामात ते कधीच कळत नाही. मलाही कितीतरी प्रयोगांचं अजून माहीत नाही. मी इतकंच बघायचे की माणसं आपापल्या पायांनी घरी गेली.

आता भीती मलाही आहेच. सण झाला की ती परत जाणार, आणि तिला धरून ठेवणं मला जमायचं नाही. मी धर्माजींना आणि आवडाबाईंना वेगळं पत्र लिहिलंय, फराळही पाठवतेय. दोराचा त्यात शब्द नाही, माझ्या मुलीला ते लेकीसारखी सांभाळतात त्याबद्दल लिहिलंय. पुढचं त्यांना कळेल असं वाटतं.

पत्र बंद करत होते तर मृणाल येऊन उभी राहिली आणि म्हणाली की खाली जागा ठेव. मी बाजूला होते.

मावशी

रुचे,

मी अजून रागावलेलीच आहे, हे आधी. पूर्वी मी काठावर चढायचे तेव्हा टाळ्यांशिवाय काही डोक्यात नसायचं. परवा आईनं माळ्यावरून दिव्यांची परडी काढायला सांगितली, मी शिडीवर चढले आणि वरून खाली बघितलं, तर पाय उचलेना. आई खालून काहीतरी बोलत होती आणि मी तशीच उभी. हे तुझं काम. तू मला भित्री करून ठेवलंस.

विनेशचा फोन आला होता. पुढचा प्रयोग रेवसला आहे, उडी पाहिजेच म्हणतात. दोर कुठला म्हणून विचारलं, तर म्हणाला की तोच असेल, त्यानं काही बघितलेलं नाही. मी शेठना कळवलंय की रुचिता येऊन हात लावून बघेपर्यंत मी वर चढणार नाही. त्यांनी फोन आपटला. आपटू दे.

तू ये. प्रेक्षकांत बसू नकोस, शिडीच्या पायथ्याशी उभी राहा.

लोभाचं तू आल्यावर बघू.

मृणाल