मागच्या खोलीची किल्ली

मी, खाली सही करणारी, वय एक्क्याऐंशी, मनोरुग्णालयातल्या बायकांच्या वॉर्डाची निवृत्त मेट्रन, ही माझी शेवटची इच्छा कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवते. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी आजचा वार विचारला, मी उद्याचाही सांगितला.

१. बँकेतली ठेव आणि शिवणयंत्र माझ्या पश्चात भाचीला. ती येते, बसते, माझी कटकट ऐकते.

२. धाकट्या भावाला काही नाही. "बाईमाणसाला एवढा तोरा शोभत नाही," असं तो माझ्याच पगारावर शिकून मला म्हणाला.

३. माझ्या हाताखाली शिकलेल्या नर्सने आमच्या वॉर्डावर कादंबरी लिहिली. त्या कादंबरीची माझी प्रत आणि मागच्या खोलीची किल्ली तिला द्यावी. तिच्या कादंबरीतली मेट्रन कुलूप लावताना हसते. मी हसले नव्हते गं. पण कुलूप मीच लावलं. तपासणीला कमिटी येणार होती आणि दिवसभर गात बसणाऱ्या एका रुग्णबाईबद्दल मोठे डॉक्टर म्हणाले होते, "ती गाणारी पुढे नको." कादंबरीत ते एका ओळीपुरते येतात, तेही सज्जन म्हणून. बाईच्या हातात किल्ली दिसली की ती दिली कोणी, हे कोणी विचारत नाही. तरी मला ती किल्ली आवडायची, हेही खरं. "तुमच्यामुळे वॉर्ड चालतो," असं ते म्हणाले की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

४. आता जे कुठेच लिहिलेलं नाही ते. आमच्याकडे फळ्यावर जितका आकडा, तितकीच ताटं यायची. कमिटीपुढे आकडा जुळावा म्हणून मी गाणारीला फळ्यावर 'रजेवर' दाखवलं आणि कमिटी गेल्यावर परत लिहायला विसरले. मागची खोली कोठारापलीकडे. दोन दिवस तिला ना ताट, ना पाणी. तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या आयेने, जिला सगळे मावशी म्हणत, हातोडीने कुलूप फोडलं. गाणारी जगली, पण पुन्हा गायली नाही.

चौकशीत मी लिहिलं की किल्ली मावशीकडे होती आणि ती झोपली. तिला वाचता येत नव्हतं. "बाई, काय लिहिलंय?" तिने विचारलं. "तू कुलूप फोडलंस, ते," मी म्हणाले. तिने अंगठा दिला आणि तिची नोकरी गेली. नर्सने तोच अहवाल वाचला, म्हणून कादंबरीतही मावशी झोपलेलीच आहे. पोरी, पुढच्या आवृत्तीत मला हवं तेवढं हसू दे, पण मावशीला जागी कर.

५. राहतं घर मावशीला. (रद्द. कारण खाली.)

आज मावशीला बोलावलं. ती नातीकडून वाचायला शिकली आहे. तिने कलम ४ बोट ठेवून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "यावर साक्षीदार म्हणून माझी सही पाहिजे." वकिलांनी सांगितलं, ज्याला काही मिळतं त्याने साक्ष केली तर मिळालेलं जातं.

"मग घर नको."

"अगं, डोक्यावर छप्पर येईल! वेडी आहेस का?"

"तेव्हा न कळता अंगठा दिला, बाई. आता कळून सही करते."

मला रडू आवरेना. "रडा नंतर," ती म्हणाली, "आधी खोडा."

सबब घरही भाचीला.

ठिकाण : राहत्या घराचं स्वयंपाकघर
दिनांक : ९ मार्च, सोमवार

सही : निवृत्त मेट्रन

साक्षीदार १ : शेजारचे घड्याळजी
साक्षीदार २ : मावशी, आया, बायकांचा वॉर्ड. मी जागी होते.