पाणवठा क्रमांक एकवर एकशे नव्वद तास

२ एप्रिल २०२५, सकाळी ७.१०

नवी वही. रोशनीची परीक्षा संपली. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून मोकळी झाली तशी पोरीने आपला लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "बाबा, तुमाले जंगलाचं येड. हा गेम पाहा. नऊ जंगलं हायेत याच्यात." नाव 'ओर्मवाल्ड'. जाहिरातीत लिहिलं आहे: नऊ अरण्यं, दोनशे गावं, जिवंत निसर्ग.

'जिवंत निसर्ग' हे शब्द दोनदा वाचले. ठीक. तपासू.

तपासणाऱ्याची पात्रता: दहावी नापास. मोटार रिवायंडिंग स्वतः शिकलो, नागभीडात चोवीस वर्षं दुकान. जंगलही स्वतःच शिकलो. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर होणाऱ्या प्राणीगणनेत सलग अकरा वर्षं. मचाण क्रमांक सात. नोंदवह्या अकरा, एकही पान कोरं नाही.

संकल्प: पंधरा दिवस तपासणी. १७ तारखेला मत लिहायचं, गेम काढून टाकायचा.

२ एप्रिल, दुपारी १२.३०

शिसारी.

गेम सुरू होताच एक म्हातारी भेटते आणि तळ्यावरून घागर भरून आण म्हणते. तळ्यावर गेलो. काठाच्या चिखलात हरणाच्या खुरांचे ठसे. बसून मोजले. सेहेचाळीस. सगळेच्या सगळे पुढच्या डाव्या पायाचे. म्हणजे हे हरीण लंगडी घालत पाण्यावर येतं.

घागर भरली नाही. असल्या तळ्याचं पाणी मी म्हातारीला देणार नाही.

४ एप्रिल, सकाळ

इतर खेळाडूंची मतं वाचली. अठरा हजारांवर आहेत. भाषांतर करून देणारं बटण आहे, त्यामुळे सगळ्या जगाचं अज्ञान मराठीत वाचायला मिळालं. एकाचा घोडा झाडावर चढला आणि तिथेच राहिला. एकाची राणी बोलता बोलता पुरुषाच्या आवाजात बोलू लागली. एकाचं सगळं गाव रोज दुपारी जमिनीत गुडघ्यापर्यंत रुततं. आणि शेवटी हेच लोक लिहितात, 'तरी स्वप्न फार मोठं आहे, कंपनीला वेळ द्या, दहापैकी आठ.'

दहापैकी आठ! मी जळकी मोटार गिऱ्हाइकाला परत देऊन म्हटलं, भाऊ, फिरत नाही, पण स्वप्न मोठं आहे, तर तो मला काय देईल?

विशेष किळस याची, की अठरा हजारांत एकानेही ठसे मोजलेले नाहीत.

ड्रॅगनबद्दल: माझी हरकत नाही. ड्रॅगन मी पाहिलेला नाही, म्हणून मत देत नाही. सांबर पाहिलेलं आहे. यांचं सांबर बकरीसारखं ओरडतं.

६ एप्रिल, सकाळी ५.४५

निर्णय. या गेमची शास्त्रशुद्ध गणना करायची. गेममधल्या तळ्याला 'पाणवठा क्रमांक एक' असं नाव दिलं. काठावर खडक आहे, माझा माणूस त्यावर बसवला. नियम मचाणीचेच, कारण नियम जागेप्रमाणे बदलले की तो नियम राहत नाही:

बोलणं बंद. मोबाईल बंद. अंगात खाकी शर्ट. डोक्याला वासाचं तेल नाही. घरात उदबत्ती नाही. फोडणी नाही.

वच्छला म्हणाली, "अवो, जनावरं काचेच्या आत हायेत, त्यायले वरणाचा वास कसा जाईन?" बायकोला पद्धत म्हणजे काय हे समजावणं अकरा वर्षांत जमलेलं नाही. फोडणीशिवायचं वरण जेवलो.

६ एप्रिल, सायंकाळी ६

बारा तास. सांबर ३१, रानडुक्कर १२, ड्रॅगन १ (आकाशमार्गे). पाण्याला तोंड लावलेले: शून्य. येतात, काठावर उभे राहतात, मान हलवतात, जातात. अठ्ठेचाळीस डिग्रीच्या देशात प्राणी मान हलवायला पाण्यावर येतो का? वाऱ्याला दिशा नाही. वाघाचा इशारा द्यायला वानर एकदाही खाकरलं नाही.

ही लबाडी आहे. पुरावे हातात आहेत.

१० एप्रिल

नथ्थू दुकानावर आला. धिवर माणूस, तलावातली मासळी आणि पाण्यावरची जनावरं दोन्हींची जाण आहे, म्हणून अकरा वर्षं मचाणीवर मी त्याला जोडीला घेतो. म्हणाला, "हरिदासभाऊ, यंदा नाव ऑनलाइन टाका लागते म्हणते. चोवीस तारीख शेवटची. मांगून बोंबलू नका." मी हसलो. ज्याचं नाव मचाण सातच्या शिडीवर खिळ्याने कोरलेलं आहे त्याला फॉर्म? वनखात्याचे साहेब नवीन आलेत, कागद चाळतील, मग फोन येईल.

नथ्थूला लॅपटॉपवर पाणवठा दाखवला. अर्धा तास बसला. मग म्हणाला, "भाऊ, यात मासोळी नाई का जी?" नोंद घेतली. तक्रार क्र. ११४.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत होतो. गेमला पूर्ण सुट्टी. (पहाटेचे अडीच तास सोडून.)

१७ एप्रिल, सकाळ

गेम काढून टाकण्याचा दिवस. काढणार होतो. पण तक्रारी २०३ झाल्यात आणि सात क्रमांकाच्या रानडुकराचं वागणं संशयास्पद आहे. अर्धवट पुराव्यावर निकाल देणं माझ्या स्वभावात नाही. मुदतवाढ ३० एप्रिलपर्यंत. अंतिम.

वच्छला मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "त्या डोंगराच्या पल्याड काय हाये, ते तरी जाऊन पाहा. पंधरा दिस झाले, एकाच डबक्यापाशी बसून राह्यले." मी सांगितलं, ज्यांना एक डबकं नीट करता आलं नाही त्यांचा डोंगर मी बघणार नाही. ती म्हणाली, "मस्त हिरवं दिसते, म्हणून म्हटलं."

हिरवं! एप्रिलात!

१८ एप्रिल, दुपारी ४.२०

मत प्रसिद्ध केलं. मराठीत, एकोणतीस पानं मजकूर. चार हप्त्यांत टाकावा लागला, कारण त्यांची चौकट लहान आहे. शीर्षक: 'ओर्मवाल्डमधील पाणवठ्याची गणना व कंपनीस जाहीर प्रश्न'. शेवटी लिहिलं: 'उत्तर आठ दिवसांत द्यावे.'

आता कंपनीत पळापळ होईल. मला वाईटही वाटतं. तिथेही पोटासाठी काम करणारी माणसं असतील.

२१ एप्रिल

प्रतिसाद प्रचंड. मताखाली वाचक खूण करतात. 'उपयुक्त': तीन. 'विनोदी': एक हजार चारशे बारा.

तिघांपैकी एक रोशनी, एक मी. तिसरा ब्राझीलचा. त्या देशातही मोठं जंगल आहे, तेव्हा जाणकार असणारच.

'विनोदी'चा अर्थ रोशनीला विचारला. तिने पदर नसताना तोंडाला ओढणी लावली. माझं अनुमान: सत्य झेपलं नाही की माणूस हसतो.

एका दिल्लीवाल्याने खाली लिहिलंय, 'भाई, एक सौ दस घंटे हो गए और तू अभी तक पहले तालाब पे बैठा है? बुढ़िया प्यासी मर गई होगी.' याला उत्तर दिलं. नऊशे शब्द.

२४ एप्रिल, सकाळी ५.५०

चौथी गणना. निर्णायक. दुकान बंद. काल संध्याकाळी सांबर क्र. १९ ने मान नेहमीपेक्षा खाली नेली होती. आज पाणी पिण्याची शक्यता नाकारता येत नाही. तसं झालं तर मत बदलावं लागेल, आणि मी मत बदलू शकणारा माणूस आहे. मोबाईल बंद करून कपाटात ठेवला.

२४ एप्रिल, सायंकाळी ६.३०

प्यालं नाही.

मधे एक फालतू व्यत्यय. सकाळी अकराच्या सुमारास रोशनी खोलीच्या दारातून खुणा करू लागली. मी हाताने थांब म्हटलं. तिने कागदावर लिहून दाखवलं, 'गणनेचा फॉर्म भरून राह्यली. तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईन. सांगा.' मी कागदाच्या मागे लिहिलं, 'मचाणीवर मोबाईल बंद असतो. तुला ठाऊक आहे.' तिने लिहिलं, 'बाबा, ही मचाण नाई. त्या मचाणीचाच फॉर्म हाये.' मी लिहिलं, 'हालचाल करू नकोस, सांबर काठावर आहे.' दुपारी ती पुन्हा आली, चारला पुन्हा आली. कागद संपला.

आत्ता कपाटातून मोबाईल काढला. ओटीपी अकरा आलेत. शेवटचा ४.५२ चा. मुदत पाचपर्यंत होती.

रोशनीला समजावलं, की घाबरू नकोस, अकरा वर्षं मचाणीवर बसलेल्या माणसाला ओटीपी लागत नाही. तिच्या आईचा मोबाईल घेऊन अंगणात गेली होती म्हणे, पाचला पाच मिनिटं असताना. असेल काही काम.

३० एप्रिल, दुपारी १

यादी लागली. नथ्थूने दुकानावर आणून दाखवली. त्याचं नाव मचाण नऊवर, जोडीला त्याचा पुतण्या डोमा. मला न विचारता.

मचाण क्रमांक सात: कु. रोशनी हरिदास. सौ. वच्छला हरिदास.

'हरिदास' दोनदा छापलंय, पण दोन्ही वेळा 'वडील/पती' या रकान्यात.

३० एप्रिल, सायंकाळ

घरी रीतसर बैठक घेतली. रोशनी म्हणाली, "आईचा मोबाईल चालू होता, म्हणून आईचं नाव टाकलं. नाहीतर मचाण दुसऱ्याले गेली असती." मी वच्छलाला सांगितलं, तू साहेबांना अर्ज दे, की माझ्याऐवजी माझे मालक येतील. नाव बदलता येत नाही, तसं यादीच्या तळाशी छापलंय, पण माणूस बघून बदलतात.

वच्छला भांडी घासत होती. मागे न बघता म्हणाली, "अकरा वर्सं तुमचा डबा मी भरून राह्यली. वाघ आला का, अस्वल आलं का, इचारलं तर तुमी म्हणता, वही वाच. यंदा मले जाऊ द्या. डबा तुमी भरा."

तिला ठसा ओळखता येत नाही. उतरत्या वाऱ्याचं ज्ञान नाही. शिडी चढताना तिचे गुडघे वाजतात, वानरं सावध होतील. हे सगळं मी अत्यंत शांतपणे सांगितलं. शेजाऱ्यांनी खिडकी लावली.

(गेम काढायची मुदत आज होती. मनःस्थिती तांत्रिक कामाला योग्य नाही.)

८ मे

साहेबांना भेटायला गेलो. फार सभ्य माणूस. म्हणाले, "हरिदासभाऊ, तुमच्या घरचेच जाऊन राह्यले ना? मग?" या 'मग'ला परतीच्या बसमध्ये मला चार उत्तरं सुचली.

निर्णय: समांतर गणना. बुद्धपौर्णिमेला त्या दोघी मचाण सातवर, त्याच वेळी मी पाणवठा क्रमांक एकवर. चोवीस तास. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. खरी नोंद कशी असते ते सगळ्यांना कळेल. जागा गौण आहे. निरीक्षक मुख्य.

गेममधले तास आजअखेर १७८.

१२ मे, सकाळी १०.३०

सकाळी विहारात वंदना, खीर. मग त्या निघाल्या. वच्छलाने माझा खाकी शर्ट घातला, बाह्या दुमडून. टोपीही माझी. डबा मी भरला: पोळ्या सहा, लसणाची चटणी. तिने झाकण उघडून वास घेतला आणि चटणी परत काढून ठेवली. "वास येते," म्हणाली. मला.

वही क्रमांक बारा दिली. रकाने आखून: वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी, दिशा, वर्तन, शेरा. तिने चाळली. म्हणाली, "एवढं लिहत बसलं, तं पाहाचं कधी?"

१२ मे, दुपारी ४.०५

८ मेपासून त्या खडकावर आणखी बारा तास झाले. म्हणजे १९०. समांतर गणना सुरू करणार तोच लॅपटॉप म्हणाला, गेममध्ये मोठी सुधारणा आली आहे, थांबा.

आली! बदलांची यादी, एकतीस कलमं. बोट ठेवून एकेक वाचलं. उत्तर आठ दिवसांत मागितलं होतं, चोवीस दिवस लागले, पण आलं.

घोडा आता झाडावर चढत नाही. राणीचा आवाज दुरुस्त. गाव रुतत नाही. ठशांबद्दल काही नाही. सांबराबद्दल काही नाही. कलम सत्तावीस जसंच्या तसं उतरवतो: 'काही खेळाडू पहिल्या तळ्यापाशी तासन्‌तास निश्चल आढळले. हा दोष दूर केला आहे. वीस मिनिटं हालचाल न झाल्यास खेळ आपोआप बंद होईल.'

४.२५. बंद झाला.

४.४६. बंद झाला.

५.०७. खडकावर बसल्या बसल्या माणसाला एक पाऊल पुढे, एक मागे हलवून बघितलं. सांबर पळालं. मचाणीवर माणूस हलत नाही. मला हे पुन्हा करता येणार नाही.

५.१०. लॅपटॉप मिटला.

१३ मे, दुपारी १.१५

दहाला आल्या. दोघींचे डोळे लाल, केसांत पाला. जेवल्या, झोपल्या. वही बाराव्या क्रमांकाची टेबलावर आहे. उघडली.

रकाने कोरे. वेळ नाही, दिशा नाही, नर-मादी नाही. रकान्यांवरून आडवं, वच्छलाच्या मोठ्या अक्षरात तीन ओळी:

'वाघ आला. आधी मागचं अंग पाण्यात घातलं, मग बसला. लय वेळ आमच्याकडे पाहून राह्यला. मले भेव नाई वाटलं.'

ही नोंद नव्हे. शास्त्रीयदृष्ट्या तिला काडीची किंमत नाही. किती वाजता, किती मिनिटं, पंजा किती सेंटिमीटर, काहीच नाही. आणि खाली निरीक्षकाच्या नावापुढे स्वतःची सही ठोकली आहे, शाळेत शिकल्यासारखी, पूर्ण.

माझ्या अकरा वह्यांत ठसे आहेत, विष्ठा आहे, झाडावरचे ओरखडे आहेत, वानराचं खाकरणं वेळेसकट आहे. मचाण सातवर अकरा वर्षांत वाघ आलेला नाही. मी असताना. ही गोष्ट मी कुठे लिहिलेली नव्हती, कारण तसा रकाना नाही.

दुकान उघडायचं आहे. दोन मोटारी पडून आहेत. पण वच्छला तीनपर्यंत उठेल असं वाटतं, तोवर इथेच बसतो. चहाचं आधण ठेवलं आहे, आलं किसून. उठली की विचारीन, वाघ पाण्यात बसला तेव्हा शेपूट कुठे होती, डोळे मिटले होते का, आणि तुमच्याकडे बघितलं म्हणजे कसं बघितलं.

केवळ पडताळणीसाठी.